ओकायु : जपानी पद्धतीची तांदळाची पेज घरी कशी करावी

जपानमध्ये घरात कोणी आजारी पडले की त्याच्यासाठी पहिल्यांदा ओकायु शिजवली जाते. तांदूळ, पाणी आणि शेवटी चिमूटभर मीठ, एवढ्यावरच ती होते. आपल्याकडे आजाऱ्यासाठी केलेला गुरगुट्या भात पळीने घोटून एकजीव करतात. ओकायुत मात्र दाणा आतपर्यंत मऊ होऊन फुललेला असावा, पण तो मोडलेला नसावा, आणि त्याच्याभोवतीचे पाणी दाटसर, चकचकीत असावे, अशी अपेक्षा असते. पुढे सांगितलेली सारी काळजी या एका गोष्टीसाठी आहे.

तांदूळ आखूड दाण्याचा आणि चिकट हवा. जपानमध्ये कोशिहिकारीसारखे वाण वापरतात. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना इंद्रायणी सहज मिळतो आणि तो या कामी उत्तम ठरतो. बासमती किंवा कोलम घेऊ नये, कारण मोकळा होणारा तांदूळ कितीही वेळ शिजवला तरी दाणा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे अशीच त्याची गत होते. तुकडा तांदूळही टाळावा. त्याची खळ होते.

पाण्याचे प्रमाण वजनाने नव्हे, तर मापाने धरतात. एका वाटीला 5 वाट्या पाणी घातले की होते ती झेनगायु, म्हणजे पूर्ण दाट ओकायु. 7 वाट्या घातल्यास शिचिबुगायु, 10 वाट्या घातल्यास गोबुगायु. त्याहूनही पातळ शिजवून, दाणे गाळून उरलेल्या निव्वळ पाण्याला ओमोयु म्हणतात. आजारातून उठणाऱ्या माणसाला ओमोयुपासून सुरुवात करून, पचनशक्ती वाढेल तसे एकेक पायरीने दाट ओकायुकडे आणले जाते, आणि बाळाचे उष्टावण झाल्यावर दहापट पाण्यातली ओकायु मऊ कुस्करून भरवण्याची तिथे रीत आहे. प्रथमच करणाऱ्याने सातपट पाण्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. पाचपटीची ओकायु शिजताना जरा दुर्लक्ष झाले तरी तळाला लागते.

दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ पुरेसा होतो. तो धुताना पहिले पाणी घालताच हलक्या हाताने एकदा फिरवून लगेच ओतून टाकावे, कारण कोरडा दाणा पहिलेच पाणी सर्वांत वेगाने शोषतो आणि त्याबरोबर कोंड्याचा वासही आत घेतो. त्यानंतर आणखी दोन-तीन पाण्यांनी धुवावे, पण दाणे चोळून मोडू नयेत. धुतलेला तांदूळ निथळून, मोजलेल्या पाण्यात किमान अर्धा तास भिजत ठेवावा. भिजलेला दाणा पांढराशुभ्र, अपारदर्शक दिसू लागतो. तो तसा झाल्याशिवाय भांडे विस्तवावर ठेवू नये.

भांडे जाड बुडाचे आणि उंच काठाचे घ्यावे. जपानमध्ये दोनाबे नावाचे मातीचे भांडे वापरतात, कारण ते हळूहळू तापते आणि ऊब बराच वेळ धरून ठेवते. ते नसेल तर जाड पातेले चालते. प्रेशर कुकर मी सुचवणार नाही. एक तर त्यात दाणा फुटतो, आणि शिवाय पेजेचा फेस वर चढून वाफेची वाट बुजण्याचा धोका असतो.

मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, पाण्याला उकळी येऊ द्यावी. उकळी फुटताच लाकडी चमच्याने तळापासून एकदाच, सावकाश ढवळून तळाला चिकटलेले दाणे सोडवावेत. त्यानंतर चमचा बाजूला ठेवावा. ढवळण्याने दाण्याच्या कडा झिजतात, त्यातले पीठ पाण्यात उतरते आणि पेज गोंदासारखी चिकट होते. आच अगदी मंद करून झाकण किंचित तिरपे ठेवावे, म्हणजे वाफेला वाट राहील आणि उतू जाणार नाही. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे संथपणे येत राहतील आणि दाणे तळापासून वर, वरून खाली आपोआप फिरत राहतील, इतकीच आच हवी. पाणी कमी पडलेच तर कढत पाणी घालावे, कारण गार पाण्याने उकळी मोडते. 40 ते 50 मिनिटांनी एक दाणा दोन बोटांत दाबून पाहावा. मध्ये कणी न लागता तो सहज चेपला गेला, की आच बंद करावी, मीठ घालून हलकेच एकदा मिसळावे आणि झाकण ठेवून 5 मिनिटे मुरू द्यावे.

सोबत सर्वांत परिचित म्हणजे उमेबोशी, म्हणजे उमे नावाचे फळ मिठात मुरवून व वाळवून केलेले आंबट-खारट लोणचे. ते मिळाले नाही, तर बिनमसाल्याचे खारातले लिंबू बारीक चिरून घ्यावे. चव तीच नसली तरी सपक पेजेला हवा असलेला खारट-आंबटपणा त्याने नक्की येतो. भाजलेले तीळ आणि मीठ जाडसर कुटून वरून पेरणेही मला फार आवडते. झेन मठांतल्या सकाळच्या पेजेबरोबर तीळ-मीठ असतेच. अंडे चालत असेल, तर आच बंद करण्याच्या अगदी आधी फेटलेले अंडे बारीक धारेने सोडून, झाकण ठेवून मिनिटभर थांबावे.

7 जानेवारीला जपानमध्ये नानाकुसागायु, म्हणजे सात हिरव्या पाल्यांची पेज खातात. त्या सातांत मुळा आणि सलगम आहेत, त्यामुळे बाकीचे पाच पाले मिळाले नाहीत तरी मुळ्याचा कोवळा पाला मिठाच्या पाण्यात क्षणभर उकळून, गार पाण्यात टाकून, पिळून बारीक चिरावा आणि शेवटच्या मिनिटाला पेजेत घालावा. आधी घातल्यास तो काळपटतो. नारा भागातली चागायु मात्र वेगळ्या वळणाची आहे: भाजलेल्या चहापत्तीची, म्हणजे होजिचाची पुरचुंडी पाण्यात उकळून त्या पाण्यात तांदूळ जरा मोठ्या आचेवर शिजवतात, आणि ती पातळच ठेवतात.

ओकायु शिजताच वाढावी, कारण थांबल्यास दाणे उरलेले पाणी पिऊन फुगतात. उरली तर लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी थोडे कढत पाणी घालून, न ढवळता, भांडे हलवत मंद आचेवर गरम करावी.