फायरवॉलमधून वायरी आणि केबल नेताना या चुका टाळा

जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करायला घेतली, की बहुतेकांचे लक्ष इंजिन, रंग आणि क्रोम यांवर असते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, म्हणजे फायरवॉलला, मात्र अगदी शेवटी वेळ मिळतो. डेंटिंग-पेंटिंग झालेले असते, इंजिन बसलेले असते, डॅशबोर्ड लागलेला असतो आणि वायरमन विचारतो, "साहेब, ही वायर कुठून न्यायची?" हा प्रश्न त्या वेळी पडला, तर पहिली चूक होऊन गेली आहे असे समजावे. फायरवॉलमधून काय काय जाणार आणि कोणत्या भोकातून जाणार, हे पत्रा उघडा असतानाच ठरले पाहिजे.

पद्मिनी हे नाव या गाडीला १९७४ मध्ये मिळाले, त्याआधी काही काळ ती प्रीमियर प्रेसिडेंट आणि त्यापूर्वी फियाट म्हणून ओळखली जात होती. इतक्या वर्षांत प्रत्येक मालकाने हॉर्न, फॉग लॅम्प, टेप असे काही ना काही बसवलेले असते आणि त्या प्रत्येकाचे एक भोक मागे राहिलेले असते. ही सगळी भोके आधी मोजावीत. ज्यांचा उपयोग नाही ती वेल्ड करून बुजवावीत. वेल्डिंग करायचे नसेल, तर बंद तोंडाचा रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेत खाचेने अडकणारा रबरी तुकडा, बसवावा. नवे भोक पाडण्याची वेळ आलीच, तर मागच्या बाजूला काय आहे हे हात घालून पाहिल्याशिवाय ड्रिल चालवू नये. भोकाची कड कानशीने घासावी आणि तिच्यावर लगेच प्रायमर लावावा, कारण उघड्या कडेवर आपल्याकडच्या पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

ग्रोमेटच्या बाबतीत लोक दोन ठिकाणी घसरतात. जुना, कडक झालेला ग्रोमेट "अजून चालेल" म्हणून ठेवला जातो. आणि नवा घेतला तरी तो पत्र्यात नीट बसत नाही. ग्रोमेटची खाच पत्र्याच्या जाडीची असते. आवाज अडवणारी डांबरी शीट फायरवॉलवर चिकटवलेली असेल आणि ग्रोमेट तिच्यासकट बसवला, तर त्याची कड एका बाजूने उचललेली राहते आणि वायरी ओढताना तो निसटून केबिनमध्ये पडतो. म्हणून भोकाभोवतीची शीट गोल कापून ग्रोमेट नुसत्या पत्र्यात बसवावा. तो सरकवण्यासाठी साबणाचे पाणी पुरते. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावल्यास काही प्रकारचे रबर फुगते आणि सैल पडते.

ग्रोमेट नसलेल्या भोकातून गेलेली वायर इंजिनाच्या थरथरीने पत्र्याच्या धारेवर घासत राहते. जुन्या गाड्यांत बॅटरीकडून इग्निशन स्विचकडे येणारी जाड वायर बहुधा फ्यूजविनाच असते, त्यामुळे तिचे आवरण फाटले की बॅटरीचा सगळा जोर त्या एका जागी उतरतो आणि पुढे आग लागू शकते. नव्या उपकरणांसाठी फ्यूज बसवणारेही तो सोयीसाठी डॅशबोर्डखाली बसवतात. मग फायरवॉलमधून येणारा नेमका धोक्याचा तुकडा फ्यूजच्या आधी, म्हणजे विनासंरक्षण राहतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा.

वायरी ओढण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी ग्रोमेट, मग वायरी आणि सर्वांत शेवटी थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा), असा तो असावा. मोठे कनेक्टर आधीच जोडून ठेवले, तर ते भोकातून जात नाहीत आणि मग भोकच मोठे केले जाते. प्रत्येक वायरीवर आधी चिठ्ठी लावावी, टोके टेपने एकत्र गुंडाळावीत आणि गठ्ठा धरून ओढावा. एका थिंबलला धरून कधीही ओढू नये.

स्पीडोमीटरची केबल वायरींच्या गठ्ठ्यात घालू नये. तिला स्वतंत्र भोक आणि मोठे वळण लागते. साधारण १५ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण दिल्यास आतली तार अडखळत फिरते आणि काटा थरथरतो. ग्रीस बेताने लावावे आणि मीटरकडच्या वरच्या टोकाला लावूच नये, अन्यथा ते चढून मीटरमध्ये जाते.

आता एक बिघाड, जो फायरवॉलवर दिसतो पण तिथला नसतो. माझ्या पद्मिनीला रंग दिल्यानंतर सेल्फ मारला, की इंजिन रडत फिरत असे. दोन दिवस मी बॅटरीला दोष दिला. तिसऱ्या दिवशी चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायचा खटका, ओढताना हाताला चांगलाच गरम लागला आणि फायरवॉलजवळ केबलच्या आवरणाला जळका वास आला. कारण मीच करून ठेवले होते: इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी मी नव्या कोऱ्या रंगावर कसली होती. रंगातून वीज जात नाही, म्हणून सेल्फचा प्रवाह परतीची वाट शोधत चोकच्या बारीक धातूच्या केबलमधून बॉडीत जात होता. अशा वेळी केबल बदलून काही होत नाही, नवीही तशीच जळते. मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर अर्थिंग खराब आहे. मी रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलीन लावले आणि इंजिन एका झटक्यात सुरू झाले.

केबिनमध्ये येणारे पाणी बहुतेक वेळा वायरीवरूनच ओघळत येते. म्हणून इंजिनाच्या बाजूला वायर भोकाच्या खाली झोल देऊन मग वर घ्यावी, म्हणजे थेंब त्या झोलावरून गळून जातो. सिलिकॉन सीलंट लावायचाच असेल, तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा घेऊ नये, तो तांब्याला हिरवा गंज आणतो. न्यूट्रल प्रकारचा घ्यावा. इंजिन रबरी माउंटवर हलते, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला आणि केबलला थोडी ढील ठेवावी.

काम संपल्यावर, मॅट टाकण्यापूर्वी, रात्री बॉनेटखाली दिवा लावून केबिनमध्ये अंधारात बसावे; प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथून पाणीही येणार. नंतर पायाखालच्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरून काचेच्या खालच्या कडेवर मगाने सावकाश पाणी ओतावे. कागदावर थेंब पडलेला लगेच दिसतो. तो पूर्ण कोरडा राहिला, तरच मॅट टाकावी.