आयबुप्रोफेन घेताय? मग या चुका टाळा

दाढ ठणकायला लागली की आयबुप्रोफेन 400 घ्यायची आणि वीस मिनिटांत फरक नाही पडला की लगेच दुसरी टाकायची, ही सगळ्यात कॉमन चूक. अहो, गोळी विरघळणार, मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाणार, रक्तातली पातळी टोकाला पोचायला साधारण 1 ते 2 तास लागतात आणि पोटभर जेवून घेतली असेल तर अजून उशीर. औषध वाया जात नाही, फक्त सावकाश पोचतं. थांबा जरा.

आता थोडी केमिस्ट्री. हे औषध कायरल आहे, म्हणजे साध्या गोळीत एकाच रेणूची दोन रूपं अर्धी-अर्धी असतात, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा, एस आणि आर. सूज आणि दुखणं कमी करायचं काम मुख्यतः एसचं. मग अर्धी गोळी फुकट गेली का? नाही! आरला शरीरात आधी कोएन्झाइम ए नावाचा एक मदतनीस रेणू चिकटतो, मग एक एन्झाइम त्याची बाजू पलटवतं, आणि असा आरचा साधारण 50 ते 60 टक्के भाग एस होऊन जातो, जास्त करून लिव्हरमधे. एसला तो रेणू चिकटतच नाही म्हणून उलटा रस्ता बंद. मला हे खरंच भारी वाटतं. पण म्हणूनच डेक्सआयबुप्रोफेन, ज्यात नुसतं एस असतं, ते "तेच तर आहे" म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅममधे घेऊ नका, त्याचा डोस वेगळा.

दर 2 तासांनी रक्तातलं औषध निम्मं होतं, लिव्हर ते फोडतं आणि लघवीतून जातं, हे कुठेतरी वाचून लोक दर दोन तासांनी गोळी घेतात. असं करू नका हो, असर त्यापेक्षा जास्त टिकतो. दोन डोसमधे 6 ते 8 तास ठेवा आणि मोठ्या माणसांनी डॉक्टरला न विचारता दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. कॉम्बिफ्लॅममधेही 400 आयबुप्रोफेन असतंच, ते मोजा.

हार्टसाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधल्या एन्झाइमला कायमचं बंद करतं, पण आयबुप्रोफेन आधी जाऊन त्या जागेवर बसलं तर अ‍ॅस्पिरिनला शिरताच येत नाही, आणि तेवढ्यात अ‍ॅस्पिरिन रक्तातून निघूनही जातं, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या टाळायला घेतलं तेच होत नाही. साधी, कोटिंग नसलेली अ‍ॅस्पिरिन असेल तर ती आधी घ्या आणि आयबुप्रोफेन किमान अर्ध्या तासाने, किंवा मग आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या 8 तासांहून जास्त आधी. कोटिंगवाली असेल तर डॉक्टरलाच विचारा.

अँटासिड घेतलं की पोट सेफ, हेही चूक, कारण पोटाच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं हे औषध रक्तात गेल्यावरही कमी करतं. अल्सर झालेला असेल, किडनीचा त्रास असेल, किंवा बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने घेऊच नका, जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं असताना तर अजिबात नाही.

आणि पावसाळ्यात ताप आला, डेंग्यूची शंका आहे, तर आयबुप्रोफेन नको, प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असू शकतात आणि रक्तस्रावाची भीती वाढते. तेव्हा पॅरासिटामॉल, तेही डोस बघून.