किडनी आहारतज्ज्ञांच्या संघटनेचं सचिवपद नोकरी सांभाळून कसं निभवायचं

पद घ्यायला हो म्हणण्याआधी एक आकडा कागदावर लिहा: आठवड्याला तुमच्याकडे खरोखर मोकळे तास किती? डायलिसिस युनिटमध्ये काम करणाऱ्याचा दिवस पाळीवर चालतो. चार तासांची एक पाळी संपते न संपते तोच पुढचे पेशंट वजनकाट्याशी रांग लावतात. त्यातून तीन तास निघत असतील तर तीनच धरा आणि कार्यकारिणीला तसं सांगा. तीन तासांत सचिवपद जमतं, पण कामाचे तुकडे करून वाटले तरच. ग्रुपवर "कोणी मदत करेल का?" असं टाकलं की अंगठे भरपूर येतात, माणूस एकही येत नाही. एकाच व्यक्तीला फोन करा आणि नेमकं काम सांगा: "शनिवारपर्यंत फॉस्फरसच्या पत्रकातली मापं तपासून द्याल का? तासाभराचं काम आहे." नाही म्हणायची मोकळीक असली की लोक बहुधा हो म्हणतात.

आपला गट स्वतंत्र नोंदलेला आहे की मोठ्या संघटनेच्या शहर शाखेचा उपगट, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. उपगट असेल तर पावती आणि खातं शाखेचंच. वर्गणी स्वतःच्या यूपीआयवर घ्यायची नाही, "नंतर वळती करू" म्हणूनसुद्धा नाही. महाराष्ट्रातली स्वतंत्र संस्था सहसा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. अशा संस्थेत कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यावा लागतो. सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, सह्यांचं हजेरीपत्रक, इतिवृत्त आणि नव्या सदस्यांची संमतीपत्रं आधीच जुळवून ठेवा. घोटाळा बहुतेक वेळा नोटिशीत होतो. संस्थेच्या घटनेत १५ दिवसांची मुदत लिहिलेली असते आणि नोटीस गेलेली असते आठ दिवस आधी. मग निवडीलाच हरकत घेता येते. मुदत चुकली तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. तोवर संस्थेच्या कागदावर जुनीच नावं राहतात आणि बँक सह्या बदलायला खळखळ करते.

मासिक बैठक रात्री साडेआठला, ऑनलाइन, ४० मिनिटांची ठेवा. विषय तीनच. इतिवृत्तात ठराव, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख एवढं पुरे. कोण काय बोललं हे लिहीत बसू नका.

सदस्य खरे टिकतात ते केस चर्चेमुळे. केस मांडणाऱ्याला एका पानाचा तक्ता आधी पाठवा: वय, डायलिसिस किती काळ आणि आठवड्यातून किती वेळा, ड्राय वेट (अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन), दोन डायलिसिसमधली वजनवाढ, पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, चालू औषधं आणि २४ तासांचा आहार. हे पान नसेल तर चर्चा "माझ्याही एका पेशंटला असंच" यावर घसरते. पोटॅशियम वाढलेलं दिसलं की सगळे केळ्या-नारळपाण्याला दोष देतात. चर्चा चालवणाऱ्याने आधी विचारावं की नमुना हिमोलाइज झाला होता का (म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटल्या होत्या का), बद्धकोष्ठता आहे का, डायलिसिस चुकलं होतं का. रिपोर्टचा फोटो टाकताना नाव आणि नोंदणी क्रमांक कापलेला हवा. हा नियम ग्रुपच्या माहितीत कायमचा लिहून ठेवा आणि मोडला तर पोस्ट लगेच काढा. इथे भीड नको.

संघटनेची सगळ्यात मोठी जबाबदारी म्हणजे पेशंटच्या हातात पडणारं आहारपत्रक, कारण त्यावर संघटनेचं नाव छापलेलं असतं. सुरुवात ठरावाने करा: आपण कोणती मार्गदर्शिका धरतो? हा वाद शब्दांचा नाही. डायलिसिसवर नसलेल्या, मधुमेह नसलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या पेशंटला केडीओक्यूआय या अमेरिकी किडनी-उपक्रमाची २०२० ची मार्गदर्शिका देखरेखीखाली किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिनं सांगते, तर केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय किडनी-संस्थेची २०२४ ची ०.८ ग्रॅम. ६० किलोच्या माणसासाठी एकीकडे ३३ ते ३६ ग्रॅम, दुसरीकडे ४८. दोन सदस्यांनी दोन आकडे सांगितले तर पेशंट दोघांवरचाही विश्वास सोडतो. डायलिसिस सुरू झालं की त्याच माणसाला १.० ते १.२, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम लागतात. म्हणून दोघांसाठी एकच पत्रक काढणं ही सर्वात घातक चूक. "डाळ कमी" हे जुनं वाक्य मनात धरून पेशंट डायलिसिसवरही वरणाचं नुसतं पाणी खातो आणि अंगावरचं मांस झडत जातं. दोन पत्रकं, दोन रंगांचे कागद, वर ठळक अक्षरांत कोणासाठी ते.

मजकूर एकाने लिहावा. एक आहारतज्ज्ञ आणि एक नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) यांनी तपासावा. मग पाच पेशंटना किंवा घरी स्वयंपाक करणाऱ्यांना तो वाचायला देऊन विचारा, "उद्या सकाळी काय खाल?" खरी परीक्षा इथे होते. "पाणी कमी प्या" वाचून माणूस तांब्या बाजूला ठेवतो आणि ताक, आमटी, सार, पेज, चहा सुरूच. म्हणून पातळ पदार्थांची नावं घेऊन लिहा. "भाजी उकळून पाणी टाका" वाचून तेच पाणी आमटीत जातं, वाया कसं घालवायचं म्हणून. तिथे "हे पाणी कशातही वापरू नका" अशी वेगळी ओळ हवी. "वाटी" लिहिलं तर किती मिलीची तेही लिहा. "चवीपुरतं मीठ" हे तर माप नाहीच. त्याऐवजी पुडीचा हिशेब द्या: माणशी रोज ५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरात किलोभर मीठ ५० दिवस पुरायला हवं, आणि लोणचं-पापडातलं मीठ यात धरलेलंच नाही. ही ओळ लोक लक्षात ठेवतात. लो-सोडियम मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं आणि सैंधव हेही मीठच, या दोन्ही सूचना चौकटीत टाका. कमरख (स्टारफ्रूट) या फळाला मनाई लिहायला विसरू नका. तळाशी छपाईची तारीख आणि पुढच्या तपासणीचं वर्ष घाला. तारीख नसलेलं पत्रक दहा वर्षं झेरॉक्स होत फिरतं.

प्रथिन पावडरच्या कंपन्या पैसे द्यायला तयार असतात. घ्यायचे तर पत्र घेऊन, संस्थेच्या खात्यावर, पावतीसह. वक्ता आणि विषय संघटनाच ठरवणार, पत्रकावर ब्रँड येणार नाही आणि सदस्यांचे फोन नंबर दिले जाणार नाहीत, या तीन अटी त्याच पत्रात घाला. एका कंपनीचा वाटा वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नका. त्यापुढे गेलं की पुढच्या वर्षी "नाही" म्हणणं जड जातं.

जागतिक किडनी दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो, म्हणजे कामाच्या दिवशी आणि खजिनदाराच्या वर्षअखेरीच्या धावपळीत. रुग्णालयाच्या परवानगीचं पत्र जानेवारीतच द्या. एकच कार्यक्रम करा.

दोन वर्षांनी पद सोडताना फाइल सोपवली की काम संपलं असं नसतं. शेवटचे सहा महिने सहसचिवाला प्रत्येक पत्रावर प्रत देत राहा, एक बैठक त्यांना चालवू द्या. ईमेल, ऑनलाइन बैठकीचं खातं आणि बँक यांना जोडलेला मोबाइल नंबर संस्थेच्या वेगळ्या सिमचा हवा. तसं नसेल तर नव्या सचिवाला लॉग इन करताना दर वेळी जुन्या सचिवाला फोन लावून ओटीपी मागावा लागतो, आणि ते नेमके त्याच वेळी वॉर्डात राउंडवर असतात.