कापसाचा उतारा आणि माझं चुकलेलं उत्तर (सीसॅट नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी)

उतारे तर मराठीत असतात, त्यात काय एवढं वाचायचं, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं आणि सगळ्यात जास्त मार्क तिथंच गेले. सीसॅट म्हणजे एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा पेपर दोन, ८० प्रश्न, २०० मार्क, दोन तास. आता तो क्वालिफायिंग आहे, फक्त पास व्हायचं, ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क काढायचे, पण चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कटतो आणि उताऱ्यांचेच प्रश्न जास्त असतात, म्हणून ज्यांना गणिताची भीती आहे त्यांनी आधी उतारे पक्के करा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी कोरडवाहू शेती, कापूस न् तूर. एका सराव पेपरात कापसावरच उतारा आला आणि मी खूश. त्यात होतं की बीटी कापूस (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकं बदललेलं वाण) आपल्या देशात २००२ मध्ये आला, हिरव्या बोंडअळीचा त्रास कमी झाला, परंतु पुढं गुलाबी बोंडअळी त्याला जुमानेना, २०१७ च्या हंगामात विदर्भात मोठं नुकसान झालं, आणि फरदडीसाठी (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर परत घेतलेल्या कापसासाठी) पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, शेतात उभी ठेवली की अळीला खायला मिळतच राहते, म्हणून पीक वेळेत काढून टाकावं. मध्यवर्ती कल्पना विचारली होती. मी टिक केलं, 'कापसाला भाव नसल्यानं शेतकरी अडचणीत आहे'. खोटं काय त्यात, आमच्या घरातलंच आहे ते! पण उताऱ्यात भावाबद्दल एक शब्दही नव्हता.

रात्री बाबांना उतारा सांगत बसले, साल सांगितलं, अळ्या सांगितल्या, तर ते म्हणाले, "थे राहू दे माय, पण शेवटी म्हणते काय थो?" मी म्हटलं, फरदड ठेवू नका म्हणते. आणि तिथंच मला उत्तर सापडलं.

तेव्हापासून मी प्रत्येक परिच्छेद झाला की पेन थांबवते आणि बाबांना सांगतेय असं समजून मनात एक वाक्य बोलते, आपल्या वऱ्हाडीत, पुस्तकी भाषेत नाही, कारण उताऱ्यातलेच शब्द परत म्हटले की समजलं असं वाटतं पण समजलेलं नसतं. वाक्य जमलं नाही तर तेवढाच परिच्छेद परत वाचायचा, पूर्ण उतारा नाही. परंतु, तथापि, म्हणून, त्यामुळे या शब्दांना गोल करा, बाकी अंडरलाइन करत बसू नका. लेखकाला जे म्हणायचंय ते बहुतेक वेळा 'परंतु'च्या नंतर येतं, आधीचं सगळं त्याची तयारी असते.

ऑप्शनमध्ये फसवाफसवी ठरलेली असते. एक ऑप्शन उताऱ्यातला छोटा तुकडा असतो (२०१७ चं नुकसान), एक फारच मोठा (भारतीय शेतीपुढील आव्हानं), आणि एक जगात खरा पण उताऱ्यात नसलेला, जो मी निवडला होता. मी ऑप्शन उताऱ्याच्या डोक्यावर शीर्षक म्हणून ठेवून बघते, सगळे परिच्छेद त्याच्याखाली बसतात का, एखादा बाहेर राहिला तर तो ऑप्शन गेला. 'केवळ', 'सर्वच', 'कधीही' असं दिसलं की लेखक खरंच एवढं ठासून बोललाय का ते परत बघायचं.

प्रश्न आधी वाचायचे की उतारा, यावर लय वाद आहेत. मी फक्त प्रश्न बघते, ऑप्शन नाही, कारण ऑप्शन आधी वाचले की डोकं तेच शोधत बसतं. मराठी वाक्य भाषांतरामुळं अडलं तर शेजारचं इंग्रजी वाक्य बघा, बहुतेक उतारे दोन्ही भाषांत दिलेले असतात.

क्लासचे पैसे नसतील तरी चालतं. रोज एक अग्रलेख घ्या, एसटीत वाचा आणि घरी येऊन कोणाला तरी एका वाक्यात सांगा. आणि चुकलेल्या प्रश्नांची वही करा, प्रत्येकापुढं फक्त कारण लिहायचं. माझ्या वहीत पहिले दोन महिने एकच कारण परत परत आहे: 'उताऱ्यात नव्हतं, मला माहीत होतं.'