गच्चीवरच्या भाज्यांना टाकीच्या पाण्यावर ठिबक कसं करायचं

गच्चीत पंधरा-वीस बॅगा किंवा कुंड्या झाल्या की रोज झारीने पाणी घालणं जमत नाही, त्यात उन्हाळ्यात एक दिवस जरी चुकला तरी वांगी-टोमॅटोची फुलं गळतात. म्हणून ठिबक करायचं. यासाठी मोटर किंवा प्रेशर पंप लागतोच असं अजिबात नाही, वरच्या टाकीचं पाणी चालतं, फक्त टाकी किती उंच आहे ते आधी बघायचं आणि त्यानुसार सामान घ्यायचं, बरेच जण नेमकं हेच बघत नाहीत.

हिशोब सोपा आहे. पाण्याची पातळी ड्रिपरच्या, म्हणजे प्रत्येक झाडापाशी थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीच्या, १० मीटर वर असेल तर साधारण १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर मिळतं. आपली टाकी जिन्याच्या स्लॅबवर असते, म्हणजे गच्चीपासून जेमतेम अडीच-तीन मीटर, म्हणजे ०.२५ ते ०.३ किलो. साध्या ड्रिपरवर जे २ किंवा ४ लिटर प्रति तास लिहिलेलं असतं ते १ किलो प्रेशरला धरलेलं असतं, त्यामुळे ४ लिटरवाला ड्रिपर आपल्याकडे तासाला साधारण २ लिटरच देणार. त्यात काही बिघडत नाही, पाणी जास्त वेळ सोडायचं. पण दुकानदार चांगला म्हणून प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (प्रेशर कमीजास्त झालं तरी पाणी सारखंच देणारा) ड्रिपर देत असेल तर घेऊ नका, त्याला बहुतेक अर्धा ते एक किलो तरी प्रेशर लागतं, टाकीच्या पाण्यावर तो धड चालत नाही. वरची टोपी फिरवून कमीजास्त करता येतो तो अॅडजस्टेबल ड्रिपर घ्या, कमी प्रेशरला तोच बरा, आणि चोंदला तर उघडून धुता येतो.

सामान शक्यतो ठिबकच्या दुकानातून सुटं घ्या. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक तालुक्याच्या बाजारात असं दुकान असतं, शेतकरी जिथून घेतात तिथूनच. तयार किटमध्ये पाइप कमी आणि नको ते तुकडे जास्त असतात आणि नंतर एखादा जोड तुटला तर त्या मापाचा मिळत नाही. घ्यायचं काय तर पाऊण इंची कॉक, पाऊण इंची स्क्रीन फिल्टर, १६ मिमीची काळी लॅटरल (बॅगांच्या कडेने जाणारा मुख्य पाइप), त्याचे टी आणि एल्बो, पाइपचं टोक बंद करायची एंड कॅप, ४ मिमीची बारीक नळी, तिचे कनेक्टर, ड्रिपर, भोक पाडायचा पंच, चुकीचं भोक बुजवायचे छोटे प्लग आणि टेफ्लॉन टेप. पाइप काळाच हवा, पारदर्शक नळीत ऊन गेलं की आत शेवाळ धरतं आणि तेच ड्रिपरमध्ये जाऊन बसतं.

फिल्टरचे पैसे वाचवू नका. पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी टाकीच्या तळाला गाळ असतोच. फिल्टरवर बाण असतो, पाणी त्या दिशेनेच जायला पाहिजे. क्रम असा की नळ, मग कॉक, मग फिल्टर, टायमर लावणार असाल तर तो, आणि मग लॅटरल. टाकीऐवजी थेट नगरपालिकेच्या लाइनवर जोडणार असाल तर मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावाच, कारण पाणी गेल्यावर लाइन उलटी ओढते आणि कुंडीतलं मातीचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये जाऊ शकतं. सोसायटीची टाकी असेल तर आधी विचारून घ्या.

लॅटरल अंथरण्याआधी तासभर उन्हात टाका, वेटोळं सैल होतं. जोड घट्ट बसत नसेल तर पाइपचं टोक गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की सरकन जातं. मेणबत्तीवर तापवू नका, पाइप वेडावाकडा होतो आणि मग कायम गळतो. बॅगांच्या ओळीच्या कडेने पाइप न्या, प्रत्येक बॅगेपाशी पंचने एक भोक पाडा, त्यात कनेक्टर, कनेक्टरला बारीक नळी आणि नळीच्या टोकाला ड्रिपर. एंड कॅप लावायच्या आधी एकदा पाणी जोरात सोडून द्या, कापताना आत गेलेला प्लास्टिकचा चुरा निघून जातो.

पाइप शक्यतो एका पातळीत ठेवा. काही बॅगा स्टँडवर आणि काही खाली असतील तर कॉक बंद केल्यावर पाइपमधलं उरलेलं सगळं पाणी खालच्या बॅगेत उतरतं आणि तिची मुळं कुजतात. अशा वेळी वरच्यांची आणि खालच्यांची लाइन वेगळी करून दोन कॉक लावावेत. ड्रिपर मातीत खुपसायचा नाही, बोटभर वर राहू द्या, पाणी बंद होताना तो माती आत ओढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजमाप. प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवा आणि ६ मिनिटं पाणी सोडा, वाटीत २०० मिली आलं तर तासाला २ लिटर. पहिल्या आणि शेवटच्या बॅगेत फरक दिसेलच, जिथे जास्त येतंय तिथला ड्रिपर आवळा, जिथे कमी तिथला सैल करा आणि परत मोजा. थोडं कंटाळवाणं आहे पण हे केलं नाही तर एक टोमॅटो सुकतो आणि शेजारचा पिवळा पडतो, आणि आपण औषधं मारत बसतो.

मोठ्या बॅगेतल्या टोमॅटो, वांगी, दोडका, काकडीला एप्रिल-मेमध्ये दिवसाला २ ते ३ लिटर लागतं, थंडीत साधारण एक लिटर पुरतं. कोकोपीट जास्त असेल तर एकाच जागी पडलेलं पाणी सरळ खाली निघून जातं आणि बाजूची मुळं कोरडी राहतात, म्हणून मोठ्या बॅगेला दोन ड्रिपर द्या आणि वर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट अंथरा. एकदम तासभर सोडण्यापेक्षा सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास बरं, बॅगेखालून पाणी वाहायला लागलं की वेळ कमी करायचा. दुपारी सोडू नका, काळ्या पाइपातलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. मेथी-कोथिंबिरीच्या क्रेटला मात्र ठिबक करू नका, तिथे सगळीकडे सारखी ओल लागते, झारीच चांगली.

टायमर घेताना शून्य प्रेशरला चालणारा, आत बॉल व्हॉल्व्ह असलेला आहे का ते विचारा, सोलेनॉइडवाल्याला (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) प्रेशर लागतं, आपल्याकडे तो नीट उघडणारच नाही. दिवाळीला किंवा मेच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर आठवडाभर आधीपासून टायमरवर चालवून बघा, नवे सेल घाला, आणि टाकी कोण भरणार ते शेजाऱ्यांशी बोलून ठेवा, कारण उन्हाळ्यात वीस बॅगांना दिवसाला ४० ते ६० लिटर लागतंच.

देखभाल फार नाही. आठवड्याला फिल्टरची जाळी धुवा, महिन्यातून एकदा एंड कॅप काढून पाइप वाहू द्या. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरवर पांढरा क्षार धरतो, ते ड्रिपर काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका, सकाळी साफ होतात. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रवखत) किंवा शेणखताचं पाणी कितीही गाळलं तरी ठिबकमधून देऊ नका, ते हातानेच घाला. पाऊस लागला की कॉक बंद, एंड कॅप उघड्या ठेवून पाइप रिकामा करा आणि टायमरचे सेल काढून तो घरात ठेवा.