तालमीतलं शरीर रग्बीच्या मैदानावर नेताना

पुण्यात रग्बीकडे येणारी मुलंमुली बहुतेक तीन वाटांनी येतात. कुणी तालमीत जोर-बैठका मारलेले असतात, कुणी कबड्डीच्या संघात घासलेले असतात, तर कुणी जिममध्ये छाती-दंड कमावून आलेले. पहिल्या दोघांचं शरीर या खेळासाठी अर्धं तयार असतं. उरलेल्या अर्ध्यात लांबची पळ, मान आणि नीट पडणं येतं, आणि ते बारा आठवड्यांत उभं करता येतं. काही सवयी मात्र मोडाव्या लागतात, कारण कुस्ती-कबड्डीत ज्याला शाबासकी मिळते त्याला रग्बीत थेट लाल कार्ड मिळू शकतं.

खेळ आला कुठून

इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यात रग्बी नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत 1823 मध्ये विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळताना चेंडू हातात धरला आणि पळत सुटला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. विश्वचषकालाही त्याचंच नाव आहे. पण ही हकिकत पुढे आली 1876 मध्ये, एलिस वारल्यानंतर चार वर्षांनी, आणि ती सांगणाऱ्या मॅथ्यू ब्लॉक्सम यांनी प्रसंग स्वतः पाहिलेला नव्हता. भक्कम पुरावा 1845 सालचा आहे. त्या वर्षी शाळेतल्या मोठ्या मुलांनीच खेळाचे नियम कागदावर उतरवले.

त्या काळी समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचा रीतसर भाग होता. 1863 मध्ये फुटबॉल असोसिएशन नियम ठरवायला बसली तेव्हा ही लाथ आणि चेंडू घेऊन पळणं, दोन्ही काढून टाकायचं ठरलं. ते न पटल्यामुळे ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. पुढे 26 जानेवारी 1871 रोजी लंडनमध्ये 21 क्लब एकत्र आले आणि त्यांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. लाथ मात्र त्यांनीही नियमांतून काढली. मागे राहिलं ते मिठी मारून खाली पाडणं, म्हणजेच टॅकल, आणि आजची सगळी शरीरतयारी त्याच्याभोवती फिरते. सुरुवातीला एका बाजूला 20 खेळाडू असत, 1877 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात 15 झाले.

चेंडूचा आकार डुकराच्या मूत्राशयामुळे आला. रग्बी गावातले मोची ते फुगवून त्यावर चामडं शिवत. आजचा चेंडू 28 ते 30 सेंटिमीटर लांब आणि 410 ते 460 ग्रॅम वजनाचा असतो. ‘ट्राय’ हा शब्दही जुन्या नियमातला आहे. रेषेपलीकडे चेंडू टेकवला तरी तेव्हा गुण मिळत नसत, फक्त गोलवर लाथाडण्याचा एक प्रयत्न करायला मिळे. आता ट्रायचे 5 आणि त्यानंतरच्या किकचे 2 गुण आहेत.

आपल्याकडे हा खेळ नवा नाही. 1872 च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रजांनी सामना खेळला आणि पुढच्या वर्षी क्लब काढला. काही वर्षांत क्लब बंद पडला, तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला. त्याच्या तीन मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात.

नवख्याने सेव्हन्सपासून सुरुवात करावी. स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात 1883 मध्ये हा प्रकार निघाला आणि 2016 मध्ये ऑलिंपिकला पोचला. सात-सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, मैदान मात्र पंधरा जणांचंच, म्हणजे 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंदपर्यंत. जागा भरपूर आणि माणसं थोडी, त्यामुळे धाप लागते ती इथे.

पळ: कबड्डीपटूंची मांडी इथेच जाते

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. त्यावर पाचसहा पावलांचा झपाटा लागतो. पूर्ण वेगात 30-40 मीटर पळण्याची वेळच येत नाही, म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूला त्या वेगाची ओळख नसते. रग्बीच्या पहिल्याच सरावात असा मुलगा मोकळं मैदान बघून सुसाट सुटतो आणि पंचविसाव्या मीटरला मांडी धरून बसतो. मुलगा ताकदीत कुठेही कमी नसतो. पाय पुढे फेकला जात असताना लांबत जाणाऱ्या स्नायूने लगाम घालायचा असतो, ते काम त्या स्नायूने कधी केलेलंच नसतं.

म्हणून पहिले दोन आठवडे पूर्ण वेग नकोच. 60 मीटरच्या सहा फेऱ्या, अंदाजे सत्तर टक्के वेगाने, आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 40 मीटरच्या आठ फेऱ्या, थोड्या जोरात. पाचव्यापासून 30 मीटर पूर्ण वेगाने सहा वेळा, आणि प्रत्येक फेरीनंतर दोन ते तीन मिनिटं विश्रांती. ही विश्रांती कापायचा मोह होतो. धाप वाढवण्याचा व्यायाम वेगळ्या दिवशी करायचा आहे, इथे पाय ताजे हवेत.

जोडीला नॉर्डिक. गुडघ्यांवर उभं राहा, साथीदाराने टाचा घट्ट दाबून धरायच्या. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुका, तोल सुटला की हातांवर उतरा. पहिल्या आठवड्यात चार-चारचे दोन संच पुरेत, पुढे हळूहळू आठ-आठचे तीन. पहिल्या दोन-तीन वेळी मांड्या चांगल्याच धरतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी हा प्रकार कधीही नाही.

दमासाठी रविवारी सिंहगड चढणं उत्तम, पण तेवढ्यावर रग्बी खेळता येत नाही. गडाची चाल एका लयीची असते. इथे वीस सेकंद जीव तोडून पळायचं, कुणाला तरी पाडायचं, उठायचं आणि पुन्हा पळायचं. त्यासाठी वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या मध्यम चढावर 15 सेकंद जोरात वर आणि चालत खाली, असं आठ वेळा करा. उतारावर पळू नका, गुडघ्याची वाटी दुखायला लागते.

तयारी मोजायची तर ब्रॉन्को चाचणी सोपी. एका रेषेपासून 20, 40 आणि 60 मीटरवर खुणा ठेवा. 20 ला जाऊन परत, 40 ला जाऊन परत, 60 ला जाऊन परत, ही एक फेरी 240 मीटरची. अशा पाच न थांबता. नवख्याला 1200 मीटरला सहा मिनिटं लागली तर ठीक, पाचच्या जवळ आलात की सामन्यात दम टिकेल. ही चाचणी महिन्यातून एकदाच घ्या.

जोर-बैठकांत काय राहून जातं

जोर खांदा आणि पाठ दोन्ही घडवतो, ते सोडू नका. पण जोर म्हणजे ढकलणं. रग्बीत ओढणं तितकंच लागतं, कारण पकडलेला माणूस अंगाशी ओढून ठेवावा लागतो. म्हणून जितके जोर, त्याच्या निम्म्याने तरी ओढण्याचा व्यायाम हवा: दोर चढणं, पुल-अप, किंवा कमरेत वाकून डंबेल पोटाकडे ओढणं. दोनशे बैठकांनी पाय चिवट होतात, पण झटका येत नाही. आठवड्यातले दोन दिवस बैठका कमी करून छातीशी वजन धरून पाच-पाचचे चार संच मारा आणि त्यानंतर उभ्याने लांब उडी, तीन-तीनचे तीन संच. वाळूचं पोतं जमिनीवरून मिठी मारून उचलणं हा तर या खेळाचाच व्यायाम आहे. 20 किलोपासून सुरू करा, पाठ सरळ ठेवा.

मानेबद्दल गैरसमज फार. शीर्षासनाने मान रग्बीसाठी घडत नाही. त्यात भार टाळूवरून सरळ खाली येतो, आणि डोकं खाली घालून धडकल्यावर मणक्याला इजा होते ती नेमकी त्याच दिशेने. नवख्याने डोक्यावर पूल करणंही, म्हणजे डोकं टेकवून त्यावर अंग तोलणंही, टाळावं. त्याऐवजी तळहात कपाळावर ठेवून डोकं त्यावर रेटा, मान जराही हलू देऊ नका. दहा सेकंद. मग डोक्याच्या मागे, मग डावी-उजवी बाजू. चारही बाजू मिळून एक फेरी, अशा तीन, आठवड्यातून तीन दिवस. पहिले पंधरा दिवस अर्ध्याच जोराने.

पडायला लाल मातीत शिका

पडणाऱ्याची पहिली चूक म्हणजे हात पुढे टेकणं. त्यात मनगट मोडतं, खांदा निखळतो, गळ्याचं हाड तडकतं. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी आवळा, हनुवटी आत घ्या, आणि गुडघ्याची बाजू, मग कुल्ला, मग खांद्याची मागची बाजू या क्रमाने जमिनीला लागा. पडताना श्वास सोडा. टेकल्यावर अंग वळवून चेंडू दोन्ही हातांनी आपल्या संघाकडे लांब ठेवा. तो सोडावाच लागतो, धरून बसलात तर पेनल्टी.

हे शिकायला पुण्यात तालमीच्या हौद्याइतकी चांगली जागा नाही. नुकतीच उकरलेली, ताक-तेल-हळद मुरलेली लाल माती मऊ असते आणि चुकीला माफ करते. वस्तादांना आधी विचारा, चपला बाहेर, अनवाणी उतरा. गुडघ्यांवरून पडणं दहा वेळा, मग उकिडव्याने, मग उभ्याने, मग दोन पावलं चालत. प्रत्येक टप्प्याला एक आठवडा द्या. मुरमाच्या मैदानावर टॅकलचा सराव करूच नका. त्याने ढोपरं सोलतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलं पडायला घाबरू लागतात. घाबरलेला खेळाडू अर्धवट टॅकल करतो, आणि दुखापत बहुधा त्या अर्धवट टॅकलमध्येच होते.

पट काढता येतो? मग टॅकल येईल

दुहेरी पट आणि रग्बीतला खालचा टॅकल सख्खे भाऊ आहेत. खाली बसणं, आत शिरणं, दोन्ही मांड्या कवळून ओढणं, सगळं तेच. घोळ होतो तो एकेरी पटाच्या सवयीने, डोक्याच्या जागेत. एकेरी पटात, म्हणजे एकच पाय धरताना, पैलवान डोकं आतल्या बाजूला, समोरच्याच्या बरगडीला लावतो. रग्बीत माणूस वेगाने पळत येत असतो. डोकं त्याच्या वाटेत आलं की गुडघा किंवा कंबर थेट कानशिलावर बसते. डोकं नेहमी बाहेर, त्याच्या पार्श्वभागाच्या मागच्या अंगाला, गाल चिकटवून.

क्रम असा ठेवा. अंतर झटकन कमी करा, मग शेवटच्या दोन मीटरला पावलं लहान करा. त्याच्या चड्डीकडे बघा, डोळ्यांकडे नाही, कारण डोळे फसवतात आणि कंबर फसवत नाही. ज्या खांद्याने धडकणार त्याच बाजूचा पाय त्याच्या पायाजवळ रोवा. हा पाय मागे राहिला की माणूस हात लांबवून झेप घेतो आणि खांद्याचा सांधा उघडा पडतो. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर वर. खांदा मांडीवर, दोन्ही हातांचा विळखा, आणि विळखा आवळत असतानाच पाय चालू ठेवा. पाडल्यावर लगेच सोडा आणि बाजूला व्हा. आधी दोघं गुडघ्यांवर, मग समोरचा चालताना, मग सावकाश पळताना, असं वाढवत न्या.

कबड्डीतली डॅश मात्र विसरा. हात न वापरता नुसत्या खांद्याने उडवणं रग्बीत गुन्हा आहे. उचलून डोक्यावर किंवा मानेवर आपटणंही तसंच, त्याला लाल कार्ड आहे. खांद्याच्या रेषेच्या वर पकडायचं नाही. दोघांनी मिळून पकडणं चालतं, पळणाऱ्याच्या घोट्याला हाताने टपली मारून पाडणंही चालतं, त्यामुळे कबड्डीतली साखळी आणि घोट्याची पकड यांतलं कसब फुकट जात नाही. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून खांद्याला खांदा भिडवून रेटतात त्या झुंडीत, मात्र प्रशिक्षक शेजारी उभा असल्याशिवाय डोकं घालू नका.

पोट आणि पाणी

शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 1.6 ते 2 ग्रॅम प्रथिनं धरा. 70 किलोच्या खेळाडूला 112 ते 140 ग्रॅम होतात. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पन्नासच्या वर. मटकीची उसळ आणि भाकरी हे जेवण उत्तमच, पण त्यावर एवढा आकडा गाठता येत नाही, सोबत अंडी, दही किंवा वड्या लागतात. सामन्याआधी तीन तास भात-वरण किंवा पोहे, तळलेलं काही नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, ताक किंवा मीठ-साखर-लिंबाचं सरबत पोटात गेलं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी सहालाच.

डोक्याला मार लागला तर

माउथगार्ड दात वाचवतो, मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. धडकेनंतर खेळाडू क्षणभर जरी भानावर नसला, तोल गेला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, डोकं दुखतंय किंवा उजेड सहन होत नाही म्हणाला, तर त्याला त्याच क्षणी बाहेर काढा आणि त्या दिवशी परत उतरवू नका. तो ‘मी बरा आहे’ म्हणेल, त्यावर निर्णय सोपवू नका. मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर त्याला हलवू नका, 108 ला फोन करा. बाहेर काढलेल्याला एकट्याने दुचाकीवर घरी पाठवायचं नाही, पहिली रात्र कुणीतरी सोबत हवं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी दिसली तर थेट रुग्णालय. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल कमीत कमी, मग चालणं, मग हलकं पळणं, मग चेंडूसोबत सराव. एखाद्या पायरीवर डोकं पुन्हा दुखायला लागलं तर एक पायरी मागे. टॅकलचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि सामना 21 दिवसांच्या आत नाही.