तीनचाकी शिकायची तर आधी तीन पट्टे बघा

माझ्या भाचीने मेसचे डबे पोचवायला मालवाहू तीनचाकी घेतली. रिक्षाच्याच चासीवर मागे हौदा बसवलेली. स्कूटर ती दहा वर्षं चालवतेय, त्यामुळे म्हणाली, "मामा, हँडलच तर आहे, जमेल की." मी सत्तावीस वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये रिक्षा चालवतोय. तिला म्हटलं, हँडल आहे त्याचीच मला भीती वाटते. हातात हँडल आलं की माणूस स्कूटर समजून वळणावर अंग झुकवतो. स्कूटर झुकून वळते. तीनचाकी झुकत नाही, उलटते.

शिकाऊ लायसन्स काढलं तरी पहिले चार दिवस रस्त्यावर जाऊ नका. सकाळी सहाला मोकळं मैदान गाठा. बादलीभर पाणी तिन्ही टायरांवर ओता, गाडी दहा पावलं सरळ पुढे घ्या, खाली उतरा आणि मागे बघा. धुळीत तीन ओले पट्टे दिसतील, दोन कडेचे आणि एक बरोबर मधला. मोटारवाला रस्त्यातला दगड दोन चाकांच्या मधून काढतो, आपल्याला ती सोय नाही. मधोमध घेतलेला दगड थेट पुढच्या चाकाखाली येतो. म्हणून खड्डा असो की दगड, तो मधल्या आणि कडेच्या पट्ट्यामधल्या जागेतूनच काढायचा. भाचीसाठी मी पाच अर्ध्या विटा मांडल्या होत्या. पहिल्या फेरीत तिने चार उडवल्या. चौथ्या सकाळी एकीलाही चाक लागलं नाही. तेवढं होईस्तोवर दुसरं काही शिकवलं नाही मी.

क्लच आणि गिअर डाव्या मुठीत, अॅक्सिलरेटर उजव्या, ब्रेक उजव्या पायाखाली. न्यूट्रलच्या एका बाजूला पहिला गिअर, दुसऱ्या बाजूला बाकीचे. हे दोन दिवसांत हाताला बसतं. रिव्हर्सचा दांडा मात्र गाडी पूर्ण थांबल्यावरच ओढायचा. नवीन इलेक्ट्रिक गाडीत क्लचची कटकट नाही, पण मूठ पिळली की ती लगेच झेप घेते आणि आवाज नसल्यामुळे पुढच्या माणसाला कळतही नाही. गल्लीत हॉर्नवर बोट ठेवा.

आता वळण. पुढे एक चाक का, हे समजलं की वळणाची भीतीही कळते आणि फायदाही. कार्ल बेंझ यांनी 1886 साली जर्मनीत जिचं पेटंट घेतलं, ती जगातली पहिली मानली जाणारी मोटार तीनचाकीच होती. पुढे दोन चाकं असली की वळताना आतलं जास्त आणि बाहेरचं कमी वळावं लागतं. ते त्यांना तेव्हा मनासारखं साधत नव्हतं, म्हणून पुढे एकच चाक. त्याच एका चाकामुळे आपली गाडी जिथे मोटार अडकते त्या बोळातही वळते. पण गाडीचा पाया त्रिकोणी होतो, मागे रुंद आणि पुढे टोक. वळणात ब्रेक दाबला की सगळा भार त्या टोकाकडे धावतो आणि मागचं आतलं चाक उचलतं. तेव्हा ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळण हळू घ्या, आणि गाडी सरळ झाली की मगच मूठ पिळा. मैदानावर फक्कीने गोल आखून दोन्ही बाजूंनी वीस-वीस फेऱ्या मारा. आणखी एक सांगतो, नवख्याला पटत नाही: रिकामी गाडी जास्त सांभाळावी लागते. मागच्या चाकांवर वजन नसतं आणि चालकाचं वजन त्रिकोणाच्या अरुंद भागात असतं.

माल भरताना हाच त्रिकोण डोक्यात ठेवा. जड वस्तू खाली, मागच्या आसाच्या किंचित पुढे. आसाच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. निघण्याआधी हँडल हलवून बघा, नेहमीपेक्षा सैल लागलं तर क्रेट पुढे सरकवा. अर्धी भरलेली पाण्याची टाकी मात्र कधी नेऊ नका. वळणावर आतलं पाणी एका अंगाला जातं आणि गाडीला घेऊनच जातं.

या गाडीवर माझा जीव आहे, म्हणून तिचं घराणंही सांगतो. युद्धानंतर इटलीत लोकांकडे पैसा नव्हता आणि माल तर हलवायचा होता. तेव्हा तिथल्या पिआजिओ कंपनीने 1948 साली व्हेस्पा स्कूटरला मागे दोन चाकं आणि हौदा जोडून 'आपे' काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. पुढे बजाजने पिआजिओच्या सहकार्याने आपल्याकडे तीनचाकी बनवली. मुठीतले गिअर त्याच स्कूटरकडून आले. आणि 1958 साली सुरू झालेल्या फिरोदियांच्या बजाज टेम्पोने जर्मन टेम्पो कंपनीची हॅन्सिएट ही तीनचाकी इथे काढली. ते नाव इतकं रुजलं की आज सहाचाकी गाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो. सवारी, भाजी, सिलिंडर, पाण्याचे जार, कचऱ्याची घंटागाडी, सगळं या तीन चाकांवर चालतं.

शेवटचं काम पंक्चरचं. रिक्षाची तिन्ही चाकं एकाच मापाची, त्यामुळे एक स्टेपनी कुठेही चालते. घरासमोर सपाट जागी, गाडी रिकामी करून, शाबूत चाकांना पुढे-मागे दगड लावून प्रत्येक चाक एकदा स्वतः बदला. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, उचलल्यावर चाक फिरतं. भाचीला मागच्या चाकाला पहिल्यांदा पस्तीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा चौदा. त्यानंतरच मी तिला डबे भरू दिले.